ठरावाला हात

चंद्रभानने घोड्याचा लगाम धरला आणि टांगा जिल्हा बोर्डाच्या फाटकातच अडला. त्याच्यामागे गांधीटोप्या घातलेली माणसं उभी होती. पलीकडे झाडाखाली पोलिसांची लॉरी.

"काका, आत जाऊ नका. समदा देश स्वतंत्र झाला, अन् तुमी निजामाच्या ठरावाला हात वर करायलाव?"

बन्सीधर खाली उतरले. राणीसावरगावचे हे शेतकरी कैक वर्षं बोर्डाचे सरकारनियुक्त सभासद होते. साहेबांशी गोड बोलून गावांसाठी शाळा, दवाखाना पदरात पाडून घ्यायचा, ही त्यांची रीत. पुतण्याला ती कधीच पटली नव्हती.

"आज धनगरवस्तीच्या विहिरीचं हाय," ते म्हणाले. "भिवराबाईची सून घागर घेऊन दरडीवरून पडली, मेली. ठाऊक हाय न्हवं?"

"विहीर आपल्या राज्यात खोदू."

"तवर त्यायनं काय प्यावं?"

चंद्रभानने लगाम सोडला. "जा. पर परत मला पुतन्या म्हनू नका."

आत सभेत पहिलाच ठराव तो निघाला. निजामाची रियासत भारतात न जाता आझाद राहावी. जिल्ह्यात सर्वत्र अमन आहे, शांतता आहे. अव्वल तालुकदारांनी, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांनी, चष्म्यावरून सभागृहावर नजर फिरवली. एकेक हात वर होऊ लागला. उघड्या खिडकीतून फाटकावरच्या घोषणा ऐकू येत होत्या. मागच्याच आठवड्यात निजामाच्या हत्यारबंद टोळ्यांनी शेजारच्या गावच्या गंजी पेटवल्या होत्या, माणसं रानात लपली होती. हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"बन्सीधरसाहब?"

गुडघ्यावरचा तळवा त्यांनी धोतराला पुसला आणि हात वर केला. बाहेरच्या घोषणा एकदम थांबल्या. खिडकीकडे बघायचं त्यांनी टाळलं.

विहिरीचा विषय अगदी शेवटी आला. तालुकदारांनी न वाचताच सही केली. शिपाई तो हुकूम घेऊन इंजिनिअरच्या कचेरीकडे गेला. त्याची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत बन्सीधर बसून राहिले. मग उठले.

"माझा राजीनामा घ्या, सरकार. जिल्ह्यात अमन हाय म्हनलं, ते खोटं हाय. मी खोट्याला हात वर केला. हेबी लिहून घ्या."

तालुकदारांनी चष्मा काढला.

"बैठ जाइए, बन्सीधरसाहब. आपने कुछ कहा नहीं, हमने कुछ सुना नहीं."

शेजारच्या सभासदाने त्यांचा कोट खाली ओढला. ते बसले नाहीत.

पोलिसांनी त्यांना मागच्या दाराने नेऊन लॉरीत बसवलं. वर ताडपत्री, आत अंधार. फाटकावर आता त्यांच्याच नावाने ओरडा चालला होता. "बन्सीधर गद्दार!" त्यात चंद्रभानचा आवाज सगळ्यांत वरचा. मग शिट्टी वाजली, काठ्या सुरू झाल्या, धावपळ झाली. ताडपत्री उचलून पोलिसांनी माणसं आत कोंबली. शेवटी चंद्रभान, सदरा फाटलेला, ओठ फुटलेला.

त्याचे डोळे अंधाराला सरावायला वेळ लागला.

"तुमी?"

बन्सीधरांनी मान वर केली.

"हात वर केला व्हता तुमी. मी बघितलं."

"केला व्हता."

लॉरी हिसका देऊन निघाली. बन्सीधर बाकावर सरकले. चंद्रभान लोखंडी दांडी धरून बराच वेळ उभा राहिला. गावाकडे जायचा रस्ता मागे पडला, तुरुंगाचं वळण आलं. काकांनाही तुरुंगातच नेत होते. तेव्हा तो त्यांच्या शेजारी बसला.