पूजेच्या राखेचा बाक

आमच्या साखर कारखान्याच्या मागे बगॅसच्या, म्हणजे बॉयलरमध्ये जाळलेल्या उसाच्या चिपाडाच्या, राखेचा डोंगर आहे. वारा सुटला की त्यातला निम्मा शेजारच्या शिवारात जातो आणि निम्मा आमच्या जेवणाच्या डब्यात. मी इथे एकवीस वर्षं बैठकांची इतिवृत्तं लिहितोय. एवढ्या वर्षांत त्या राखेकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

मग महेबूबभाई आले. निलंग्यात त्यांचं भंगाराचं दुकान, मागच्या शेडमध्ये प्लास्टिक वितळवायचं मशीन. त्यांची लेक अर्शिया नांदेडला पॉलिटेक्निक शिकलेली. तिने सहा महिने खपून गणित बसवलं होतं: नुसत्या भंगार प्लास्टिकचा बाक उन्हाने वाकतो, पण त्यात चाळलेली, खडखडीत वाळलेली राख घातली की ताठ राहतो. नमुन्याचा एक बाक टेम्पोत घालून बापलेक कारखान्यावर आले. चेअरमन रेवणप्पासाहेब खूश झाले. शाळांसाठी साठ बाक घ्यायचं ठरलं. अट एकच, नव्या राखेचा पहिला बाक करायचा, संचालक मंडळ त्यावर बसून दाखवणार आणि मगच ऑर्डर. त्या ऑर्डरच्या भरवशावर अर्शियाने पुण्याची नोकरी सोडून दिली.

राख कामाची आहे म्हटल्यावर तिला एकदम मान आला. हंगामाआधी बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, मग राखेचं पूजन का नको? ठराव मीच लिहिला. मंडप पडला, गुरुजी आले, ढिगाला हार घातला. पाच जोडप्यांच्या हस्ते दूध, पंचामृत, नारळाचं पाणी झालं. उरलंसुरलं एका संचालकाने बादलीनेच ओतलं, अगदी श्रद्धेने. मग त्याच जागची राख पोत्यात भरली.

अर्शियाने मूठभर राख घेतली. तिचा लाडू वळला गेला.

“साहेब, ही वली हाय. मशीनमधी गेली की वाफ धरती, बाक आतून पोकळ निघतो. दोन दिस वाळवू द्या.”

“पूजेची राख उन्हात पसरायची?” रेवणप्पासाहेब म्हणाले. “लोक काय म्हणतील? मुहूर्त उद्याचा हाय.”

“पत्र्यावर भाजून घेतो की,” महेबूबभाई म्हणाले.

“तीर्थ पडलेलं भाजता? न्हाई, न्हाई. हीच वापरा.”

पोत्याला सील लागलं आणि राख बदलू नये म्हणून एक संचालक मशीनपाशी खुर्ची टाकून बसला. असली दक्षता आमच्याकडे साखरेच्या पोत्यांनाही मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम. नमुन्याचा जुना बाक लिंबाखाली पडला होता, त्यावर सहा ट्रक ड्रायव्हर बसून शिरा खात होते. इकडे नव्या बाकावर रेवणप्पासाहेब आणि चार संचालक टेकले, फोटोसाठी हसले, आणि बाक मधोमध कडाडून मोडला. पाचही जण मातीत. मला हसू फुटलं होतं, पण अर्शियाचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच गिळलं.

लगेच चौकशी समिती बसली. पाहणी जागेवरच करायची होती, ऊन मी म्हणत होतं आणि सावली त्या एका लिंबाचीच. ड्रायव्हरांना उठवून आम्ही त्यांच्या जागी बसलो: साहेब, चार संचालक आणि मांडीवर रजिस्टर घेतलेला मी. दोन तास बसलो. चहा दोनदा झाला. बाक करकरलासुद्धा नाही.

“राख ओली होती, हे लिहू का?” मी विचारलं.

“म्हणजे पूजेला नावं ठेवायची?”

मी नाही लिहिलं. मी लिहिलं, “राखमिश्रित बाक माणसांचा भार पेलण्यास असमर्थ असल्याने ऑर्डर देऊ नये.” मला स्वतःची लाज वाटत होती, पण अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. सगळ्यांनी सह्या केल्या.

महेबूबभाई समोर येऊन उभे राहिले. मागे अर्शिया टेम्पोचं फाळकं पाडत होती.

“सह्या झाल्या का, साहेब?”

“झाल्या.”

“मग उठा. बाक न्यायचाय.”

रेवणप्पासाहेबांना गुडघेदुखी आहे. उठताना त्यांनी दोन्ही हातांचा भार बाकावरच टाकला.