कमलाकररावांची लॉजची बॅग

मित्रांनो, कपाटावर धूळ खात पडलेल्या चपट्या काळ्या बॅगेला सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू दे. माझं कातडं फाटलंय, स्मरणशक्ती शाबूत आहे.

माझे मालक कमलाकरराव. लंडनमधल्या हॅरोचे सॉलिसिटर, तीनदा निवडून आलेले काउन्सिलर आणि फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या लॉजचे, म्हणजे शाखेचे, सभासद. तिथे सगळे एकमेकांना ब्रदर म्हणतात. सभेत कमरेला बांधायचा त्यांचा एप्रन माझ्या पोटात असे. काय तो माझा थाट! कोर्टाच्या फायलींची बॅग माझ्यावर जळायची. त्यांची पत्नी सुप्रभाताई म्हणायच्या, "अहो, एखादी संध्याकाळ घरालाही द्या की." ते हसायचे, मला उचलायचे आणि निघायचे.

पुढे लॉजने त्यांच्याकडे एक काम सोपवलं. जे ब्रदर आजारी किंवा एकटे, त्यांची दर रविवारी फोनवर विचारपूस करायची. बावीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं. नावांची यादी माझ्या आतल्या कप्प्यात असे.

मग तीन वर्षांपूर्वी सुप्रभाताई गेल्या. साहेब निवडणूक हरले, गुडघ्यांनीही दगा दिला आणि लॉजला जाणं सुटलं. फोन मात्र ते करतच राहिले. पलीकडून कोणी "तू कसा आहेस?" विचारलं, की "अगदी उत्तम" म्हणून ठेवून देत. मग तासन्‌तास फोनकडे बघत बसत. तो आपणहून कधीच वाजत नसे. मला त्या ब्रदरांचा भारी राग यायचा. पण चौकशी कमलाकरने करायची, हे सगळ्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की कमलाकरची कोणी करायची हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सुप्रभाताईंविना ते घर मलाही खायला उठायचं.

गेल्या महिन्यात त्यांची मुलगी अनुया मिल्टन कीन्सहून आली. ती इंग्लंडमध्येच जन्मलेली, तिचं मराठी तिच्याच पद्धतीचं. आवरताना तिने मला उघडलं आणि यादी वाचली.

"बाबा, या लिस्टवर तुझा नाव का नाहीये?"

"अगं, यादी करणाऱ्याचं कशाला?"

तिने गाडीची किल्ली टेबलावर ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली. साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला.

"मला कोणी फोन करत नाही गं," ते म्हणाले.

उभा जन्म दुसऱ्यांची बाजू मांडण्यात गेलेला माणूस, पण हे एक वाक्य बोलायला त्याला तीन वर्षं लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या बॅगेला पॉलिश लावा, नका लावू. पण सगळ्यांची विचारपूस करणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याला आज फोन करा. आणि तो "उत्तम" म्हणाला, तरी लगेच ठेवू नका.