तेल कुठं गेलं ते मला विचारा

मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसणारे बहुतेक जण जुने असतात. फाटकी छत्री, मोडकी खुर्ची, गंजलेली सायकल. मी जुनी नाही. मी अजून वॉरंटीत आहे. पण एवढ्याशा आयुष्यात माझा जेवढा अपमान झाला, तेवढा त्या मोडक्या खुर्चीचाही झाला नसेल, म्हणून म्हातारी होण्याची वाट न बघता आजच सांगते.

मी एका स्कूल व्हॅनच्या इंजिनात राहते. लांब, चपटी, पोलादी पट्टी. वरच्या टोकाला पिवळी मूठ, खालच्या टोकाला दोन खुणा. कारखान्यात मला डिपस्टिक म्हणत, आंबागडात आल्यापासून मी कांडी झाले. इंजिनात ऑइल किती आहे ते सांगणं, एवढंच माझं काम. वरच्या खुणेपर्यंत ओली असले तर इंजिनाचं पोट भरलेलं, खालच्या खुणेच्याही खाली गेले तर ते उपाशी. मला खोटं बोलताच येत नाही. डॅशबोर्डवर एक लाल दिवा आहे, त्याला सगळे घाबरतात. तो पेटतो तेव्हा इंजिनाचं वाटोळं व्हायला आलेलं असतं. मी कितीतरी आधीपासून सांगत असते, पण मला विचारायला बॉनेट उघडावं लागतं ना. तेवढे कष्ट कोण घेतो?

माझी मालकीण रिता. तिचा नवरा अमर नागपूरला कंपनीत कामाला, आणि रिता आंबागडची मुलं तुमसरच्या शाळेत नेते-आणते. गावात बाईनं व्हॅन चालवण्याची ही पहिलीच वेळ. सुरुवातीला दोन-चार आयांनीच मुलं दिली. मग सत्यभामाबाईंनी आपली मनाली पाठवली. त्यांचे यजमान तेजराम मोहाडीच्या तहसील कार्यालयात नोकरीला आहेत. त्यांची मुलगी बसली म्हटल्यावर बाकीच्यांनाही धीर आला आणि व्हॅन भरली. रिता गाडी अशी चालवते की पोरांच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हिंदकळत नाही. हे मी मालकिणीचं कौतुक म्हणून सांगत नाही. मी इंजिनात असते, मला प्रत्येक गिअर कळतो.

आता दुखणं सांगते. इंजिनात पिस्टन असतो, त्याच्यावर कड्या असतात. कड्या घट्ट असल्या की ऑइल खाली राहतं. आमच्या इंजिनाच्या कड्या कारखान्यातूनच ढिल्या आल्या. ऑइल वर चढायचं, पेट्रोलबरोबर जळून जायचं, आणि सकाळी गाडी सुरू केली की मागून निळसर धूर निघायचा. मनाली नाक धरून म्हणायची, "काकू, गाडी बिडी पिऊन राहिली."

मुलं हसायची. रिताला हसू येत नव्हतं. तिनं गाडी भंडाऱ्याच्या शोरूमला नेली. तिथं राजकुमार नावाचे सर्व्हिस सल्लागार होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी मला ओढून काढलं, पुसलं, बुडवलं, पाहिलं. मी वरच्या खुणेपर्यंत ओली.

"मॅडम, ऑइल फुल आहे. कमी कुठं होऊन राहिलं?"

रिता गोंधळून परत आली. मी खरं तेच सांगितलं होतं, मित्रांनो. पण ते भरलेलं पोट कुणी भरलं होतं, हे मला कुणी विचारलंच नाही.

भरलं होतं टिकारामांनी. हे रिताचे सासरे. उभी हयात राइस मिलचं इंजिन चालवण्यात गेली. इंजिन उपाशी ठेवायचं नाही, हा त्यांचा धर्म. रोज पहाटे गाईला चारा टाकला की ते बॉनेट उघडायचे, मला काढून धोतराच्या सोग्याला पुसायचे, पुन्हा बुडवून उजेडात धरायचे. कमी दिसलं की डब्यातून ऑइल ओतायचे. सगळ्या जगात मला नीट वागवणारा हा एक माणूस, आणि सगळा घोळ त्यानंच घातला. धानाच्या ढोलीमागं रिकामे डबे साचले, तेव्हा रिताला ते दिसले.

"मामाजी, हे डबे कायचे?"

"ऑइलचे. गाडी लय पिते. मी पाजतो."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

टिकारामांना प्रश्नच कळला नाही. "ढोराले पाणी पाजलं तं का मी तुले सांगत बसतो का, बाई?"

रितानं कपाळाला हात लावला. मग तिनं त्यांना समजावलं की गाडी किती पिते हेच तर शोरूमला दाखवायचं आहे. वॉरंटी दिवाळीनंतर संपते, त्याच्याआधी इंजिन दुरुस्त करून घ्यायचं आहे. टिकारामांनी मान डोलावली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते बॉनेटवर हात ठेवून नुसतेच उभे राहिले, हे मला आतून कळलं.

पुढच्या खेपेला रितानं तेजरामभाऊंना सोबत नेलं. एकट्या बाईचं तिथं कुणी ऐकत नाही, हे तिला पहिल्याच खेपेला उमगलं होतं. या वेळी मी जवळजवळ कोरडी होते. आता सगळं उघड होईल म्हणून मी किती आशेनं बाहेर आले म्हणून सांगू. राजकुमारांनी मला काढलं, चिंधीनं पुसलं आणि तशीच परत खोचली. पाहिलं नाही. पुन्हा बुडवलं नाही. माझ्या तोंडावरून बोळा फिरवला आणि मला गप्प बसवलं.

"थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन पितं," ते म्हणाले. रिता हटली नाही. तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाठ केली आणि तेजरामभाऊंना म्हणाले, "सर, खरं सांगू का? चालवण्याचा दोष आहे. मॅडम हाफ क्लचवर गाडी दामटतात. लेडीजचं होते असं. त्याले वॉरंटी नसते."

अरे, तुम्ही तिच्या शेजारी कधी बसला होता का? शोरूमच्या दारापासून रॅम्पपर्यंतसुद्धा बसला नव्हता. कड्या ढिल्या तुमच्या, आणि हात वाईट तिचे? माझी मूठ रागानं तापली. इंजिन बंद होतं, म्हणजे ती आग माझीच.

तेजरामभाऊ वाईट माणूस नाही. ऐकलं ते त्यांनी घरी जाऊन सांगितलं, एवढंच. पण ते घरात कसं राहणार? दोन दिवसांत पानठेल्यावर सगळ्यांना ठाऊक झालं, आणि तिथं इंजिनाचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं. "बाईले चालवता येत नाही," एवढंच उरलं. सोमवारी मनाली आली नाही. सत्यभामाबाई दारात उभ्या होत्या.

"वहिनी, राग नोका मानू. लेकराचा जीव आहे."

रितानं गाडी पुढे घेतली. त्या आठवड्यात आणखी मुलं गळली, आणि मागच्या बाकावर नुसती एक विसरलेली डब्याची पिशवी इकडून तिकडे घसरत राहिली.

गाडीचं इंजिन कधीही दुरुस्त होईल, मित्रांनो. पण एकदा गावानं ठरवलं की हिच्या हातात लेकरू देऊ नका, की ते नाव कोणत्या शोरूममध्ये दुरुस्त होतं?

रिता पुन्हा भंडाऱ्याला गेली, आणि या वेळी थेट मोठ्या मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर बसून राहिली. शेवटी त्यांनी चाचणी कबूल केली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं. ऑइलचं झाकण, माझी मूठ आणि ऑइल सोडायचा खालचा बोल्ट, तिन्हीवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, अशी की झाकण वा मूठ जरा फिरली तर रेघ तुटलीच पाहिजे. हजार किलोमीटर चालवा, काही उघडू नका, मग आणा. रेघ तुटली तर वॉरंटी विसरा.

घरी येऊन रितानं सासऱ्यांना ती रेघ दाखवली. "मामाजी, हिले हात नाही लावाचा."

"नाही लावत," ते म्हणाले. त्या दिवसांत ते पहाटे अंगणात यायचेच नाहीत. भुकेल्या इंजिनाचा आवाज त्यांना ऐकवत नव्हता.

आणि मध्ये आला दसरा. आमच्याकडे दसऱ्याला नांगर, विळे, पंप, गाड्या, सगळ्यांची पूजा होते. रिता झेंडूची फुलं आणायला गेली होती. सासूबाई गिरजाबाईंनी व्हॅन धुतली आणि ताट आणलं. आता राइस मिलचा माणूस नुसत्या पत्र्याची पूजा करील होय? टिकारामांनी बॉनेट उघडलं. ओल्या हळदीकुंकवाचा जाडसर लेप झाकणावर लावला, माझ्या मुठीवर लावला. वचन मात्र त्यांनी आपल्या परीनं पाळलं. काहीही फिरवलं नाही, उघडलं नाही. फक्त पांढरी रेघ लाल लेपाखाली गडप झाली.

चाचणी संपली, गाडी शोरूमला गेली. राजकुमारांनी बॉनेट उचललं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मॅडम, सीलला छेडछाड झाली आहे."

"कुंकू आहे ते. दसऱ्याची पूजा."

"काही असो. रेघ दिसत नाही. चाचणी रद्द."

"मंग पुसून पाहा."

"पूजेचं कुंकू आम्ही कसं पुसू? पाप लागते."

मला पुसून गप्प बसवताना लागलं नव्हतं ते. रितानं पाण्याची बाटली काढली, ओढणीचं टोक भिजवलं, एकदा हात जोडले आणि कुंकू पुसलं. आधी झाकणाचं, मग माझं. ओढणी लाल झाली आणि खालून पांढरी रेघ निघाली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड. गलका ऐकून मॅनेजरसाहेब बाहेर आले होते.

"आता कांडी तुम्ही काढा," रिता त्यांना म्हणाली. "पुसा. पुन्हा बुडवा. आन् मंग पाहा."

त्यांनी मला काढलं, पुसलं, बुडवलं, पाहिलं. नुसतं टोक ओलं होतं. ते बराच वेळ बघत राहिले, आणि मी मनात म्हटलं, बघा, पोटभर बघा.

कड्या बदलल्या, वॉरंटीतच बदलल्या. चूक झाली असं मात्र कुणी म्हटलं नाही. ग्राहकाच्या समाधानासाठी दुरुस्ती केली, असं म्हणाले. समाधान म्हणे. रिता राजकुमारांना म्हणाली, "चालवण्याचा दोष आहे, असं तुम्ही तेजरामभाऊले सांगतलं. आता खरं काय ते बी फोन करून सांगा."

"जाऊ द्या न मॅडम आता," ते म्हणाले. फोन काही गेला नाही.

म्हणून रितानं एक गोष्ट सुरू केली. रोज सकाळी ती अर्धी रिकामी व्हॅन चौकात उभी करते, सगळ्यांच्या देखत बॉनेट उघडते आणि मला पाहते. कुणाला काही सांगायला जात नाही. परवा सत्यभामाबाई जवळ आल्या.

"रोज काय पाहून राहिली, वहिनी?"

"ऑइल."

"मले दाखव."

रितानं मला पुसलं, बुडवलं आणि त्यांच्यासमोर धरलं. वरच्या खुणेपर्यंत ओली.

"काल?"

"इतकंच."

"आन् मामाजीनं टाकलं नाही?"

पलीकडे ओट्यावर टिकाराम बसले होते. त्यांनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्हंजे चालवणारी तूच, आन् ऑइल तं घटत नाही. तो साहेब खोटं बोलला, आन् आमी तुले बोल लावला." त्या घराकडे वळल्या आणि त्यांनी हाक मारली, "मनाली, दप्तर आण."

मनाली आली ती आधी व्हॅनच्या मागं गेली आणि वास घेऊन आली. "काकू, गाडीनं बिडी सोडली," तिनं चौकात जाहीर केलं आणि पुढच्या सीटवर चढून बसली.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर माझ्यासारखी एक कांडी तिच्यातही आहे. तिला काढा, पुसा, पण पुसून लगेच खोचू नका. पुन्हा बुडवा आणि नीट बघा. आणि अमक्या बाईला गाडी चालवता येत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर आधी त्याला विचारा की बाबा, कांडी पाहिली होतीस का?