गोळीबरोबरचा चहा

ताईचं हिमोग्लोबिन पुन्हा आठच्या आसपासच आलं. मी तोच नमुना यंत्राला दुसऱ्यांदा लावला. आकडा हलला नाही. रक्त तपासण्यात इतकी वर्षं गेल्यावर यंत्र चुकलं असेल असं मला सहसा वाटत नाही. त्या दिवशी तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं.

गर्भाशयातली गाठ काढायची होती. आकडा दहाच्या वर गेल्याशिवाय भूल द्यायची नाही, असं सर्जन म्हणाले होते. गाठ आहे तोवर रक्त जाणार, रक्त गेलं की आकडा उतरणार. शस्त्रक्रिया दोनदा पुढे ढकलली होती. "लोहाच्या गोळ्या घेतेस ना?" असं मी दर फोनला विचारायचे. "घेते गं बाई," ती म्हणायची, आणि ते खरं होतं.

काम संपवून मी तिच्या घरी गेले. दार भावोजींनी उघडलं. गॅरेज बंद पडल्यापासून ते घरीच असतात. सुरुवातीला दिवसच्या दिवस खिडकीशी बसून राहायचे, जेवायलाही हाताला धरून उठवावं लागे. मग कुठेतरी त्यांनी ग्रीन टीबद्दल ऐकलं आणि माणूस पुन्हा कामाला लागला.

"या तज्ज्ञबाई! तुमचंही पाणी ठेवतो. वजन उतरतं, साखर ताब्यात राहते, हृदय ठणठणीत..."

"अहो, बास की," ताई पलंगावरून म्हणाली. "ती काय गिऱ्हाईक आहे?"

"हृदयाला थोडा चांगला असावा," मी म्हणाले. "वजनाचं फारसं काही नाही."

"थोडा म्हणाली ना? हिच्या तोंडचा थोडा म्हणजे आपल्याकडचा पुष्कळ!"

पाणी उकळू न देता त्यांनी भांडं उतरवलं, पानं टाकली, वर ताटली झाकली. इंजिनाचा आवाज ऐकावा तसे मान तिरकी करून थांबले. मग ताईचा कप घेऊन आले. बशीत कपाशेजारी तपकिरी गोळी होती.

"घ्या सरकार."

ताईने गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली. ती घशाखाली उतरेपर्यंत ते समोर उभे होते.

"रोज अशीच घेते?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. एक गोळी चुकू दिली नाही मी," ते म्हणाले आणि भांडी विसळायला आत गेले.

"काय झालं? तोंड का असं केलंस?" ताईने विचारलं.

मी हळू आवाजात सांगितलं. चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. गोळी पोटात जाते, पण तिच्यातलं पुष्कळसं लोह रक्तापर्यंत पोचतच नाही.

तिने डोळे मिटले. "यांना सांगू नकोस. परत तसे बसून राहिले तर मला नाही झेपायचं."

"मग गोळी कशी घेशील? समोर उभे असतात."

"जिभेखाली धरीन. मागाहून पाण्याबरोबर घेईन."

"दिवसातून दोनदा? कधीपर्यंत?"

"माहीत नाही गं. दमलेय मी. रक्त सांभाळू की यांना?"

भावोजी हात पुसत बाहेर आले तेव्हा मी त्यांनाही तेच सांगितलं. ताईने भिंतीकडे तोंड केलं.

"म्हणजे माझ्यामुळे," ते म्हणाले.

नाही म्हणता आलं असतं. "काही अंशी. रक्तही जातंच आहे. आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं."

ते खुर्चीत जाऊन बसले.

"झालं समाधान?" ताई भिंतीला म्हणाली.

मी पर्स उचलली. जावं की थांबावं ते कळेना, म्हणून परत ठेवली. शेवटी भावोजींनी घसा खाकरला.

"इंजिनात चुकीचं तेल पडलं तर आधी ते सगळं काढावं लागतं. हिच्या बाबतीत काय?"

"काढायचं काही नाही. गोळी पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. चहा त्यानंतर दोन तासांनी."

"मग आकडा चढेल?"

"चढायला हवा. किती, ते महिन्याभराने कळेल."

"हवा म्हणे," ताई पुटपुटली. "चढेल म्हणायला हिच्या जिवावर येतं."

भावोजी हसले नाहीत. खुर्चीच्या हातावर भार देऊन सावकाश उठले, पाण्याचा तांब्या भरून आणला आणि गोळ्यांच्या पाकिटाशेजारी ठेवला. तो नीट बसला आहे ना, ते दोनदा पाहिलं.

"सकाळची गोळी मीच देणार," ते म्हणाले. सांगत होते की विचारत होते, ते मला कळलं नाही.

"तुम्हीच द्या," ताई म्हणाली. "आणि आता दोघंही जरा गप्प बसा. मला झोपू द्या."