तीन पुकारे

मास्तरीण स्वतः सातवीपुढे शिकलेली नव्हती. नवरा मास्तर म्हणून ती मास्तरीण. त्या मास्तरांना सहा दिवसांपूर्वी भरवर्गातून उचलून नेलं. गुन्हा काय, तर धरणाला तडा गेलाय का, असं सरकारला विचारणारं पत्र त्यांनी छापायला दिलं. कुठे ठेवलंय, जिवंत तरी आहेत का, कोणी सांगेना.

दीर म्हणाला, "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर नको. गृहमंत्र्यांचे पाय धरा." पण वहिनी कसली ऐकते! तिने थेट कोर्टात अर्ज केला, आणि मास्तरांना घेऊन हजर व्हा, असा हुकूम कोर्टाने गृहमंत्र्यांनाच धाडला.

आज मात्र कोर्टात बसल्याबसल्याच तिचं अवसान गळालं. न्यायाधीश म्हणजे सर्दीने बेजार झालेल्या एक बाई, दर दोन मिनिटांनी नाक पुसणाऱ्या. दाराशी पुकारा करणारा शिपाई तर पाप्याचं पितर. सकाळपासून डब्यावरून त्याचं कारकुनाशी भांडण चाललेलं. ही माणसं गृहमंत्र्यांना जाब विचारणार? ज्यांची गाडी निघाली की अख्खा रस्ता भिंतीला चिकटतो, त्यांना? झालंच मग!

तेवढ्यात शिपाई दारात उभा राहिला नि ओरडला, "गृहमंत्री हाजिर होऽऽ!"

ना साहेब, ना माननीय. सकाळी सायकलचोराला मारली तीच हाक, त्याच सुरात. मास्तरणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दुसरा पुकारा झाला. बाहेर कोणी नाही. सरकारी वकील घाम पुसू लागले. तिसऱ्याला व्हरांड्यात बूट वाजले, आणि अहो, खुद्द गृहमंत्री आत आले की! बाईंपुढे मान लववून उभे राहिले. त्यांच्यामागून दोन पोलिसांच्या मधे मास्तर. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं तुटलेली. पण आपल्या पायांनी चालत होते. मास्तरणीला रडू फुटलं.

"यांना कुठल्या अधिकाराने धरलंत?" बाईंनी विचारलं.

"सभागृहाने केलेल्या कायद्याने," मंत्री म्हणाले.

"त्याच कायद्यात लिहिलंय, चोवीस तासांत माणूस न्यायाधीशापुढे आणायचा. आज सहावा दिवस. आत्ता सोडा."

बाईंनी नाक पुसलं, सही केली. बस, एवढंच! मंत्री "जी" म्हणाले. त्यांच्या तोंडून "जी" निघतो, हे मास्तरणीने जन्मात ऐकलं नव्हतं.

न राहवून ती उठली. "बाई, तो कायदाच फाडून टाका ना!"

"कायदा बदलायचा सभागृहाने, ताई. तिथे माणसं तुम्ही पाठवता. रेघ मलाही आखून दिलेली आहे." बाईंनी पुढचा कागद ओढला.

मास्तरांचा हात घट्ट धरून ती बाहेर आली. दाराशी शिपाई पाणी पीत होता. पेला इतका थरथरत होता की अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलेलं.

"घाबरलात होय?"

"नाही तर काय! घरी तीन लेकरं आहेत."

"मग एवढ्या जोरात कसे ओरडलात?"

"पुकारा रस्त्यापर्यंत ऐकू गेला पाहिजे, असा नियम आहे. माणूस बघून आवाज कमी करता येत नाही, बाई."

दीर म्हणाला होता, पाय धरा. धरायचे तर ह्याचे, असं तिच्या मनात आलं नि ती वाकलीसुद्धा. शिपाई दचकून मागे सरला.

"अहो, हे काय भलतंच! सरका, पुढचा पुकारा करायचाय."