ब्रॅचर वर कशाला बघतो

रॉइस टॅकेटच्या तळघरात एक गाडी होती. तिला चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, दारं नव्हती. बाकी सगळं खऱ्यासारखं होतं. भंगारात गेलेल्या स्पोर्ट्‌स गाडीची सीट, छातीवर आवळायचे पट्टे, पायाशी तीन पेडल, हाताला झटके देणारं स्टिअरिंग आणि दोन्ही बाजूंना दोन पंखे. पडद्यावरची गाडी जितकी जोरात धावेल तितके पंखे जोरात फिरत. जानेवारीत, इंडियानातल्या तळघरात, ताशी दीडशे मैलांचा वारा अंगावर घेतला की सर्दी व्हायची. रॉइसला त्याचा अभिमान होता. बाकीच्यांची नुसती शर्यत व्हायची, त्याला सर्दीही व्हायची.

पण या सगळ्या संसारात त्याचा जीव होता टोपीला लावायच्या एका क्लिपवर. तिच्यावर तीन चमकते ठिपके. पडद्यावर बसवलेला बोटभर कॅमेरा ते ठिपके बघायचा आणि रॉइसची मान वळेल तशी खेळातल्या चालकाची नजर वळवायचा. मान डावीकडे गेली की डावा आरसा दिसला, पुढे झुकलं की वेगाचा काटा जवळ आला. गोम एवढीच, की पडदा समोरच असतो. मान खरोखर पूर्ण वळवली तर पडद्याऐवजी पाणी तापवायची टाकी दिसणार. म्हणून मान दहा अंश वळवायची, यंत्र त्याचे साठ करून दाखवतं, आणि डोळे मात्र पडद्यावरच ठेवायचे. हे जमायला रॉइसला सात महिने लागले. तेवढ्या काळात ऑफिसात, टॅकेट आपल्याकडे तिरकं बघतो, अशी कुजबुज सुरू झाली होती.

ऑफिस वाहनविम्याचं. अपघात झाला की चूक कोणाची हे रॉइस ठरवायचा. बावीस वर्षं तो हेच करत होता. त्यामुळे हार्लन क्रीक रविवार लीगमध्ये पंचाचं कामही आपोआप त्याच्याकडे आलं होतं. दर रविवारी दुपारी दोनला, चर्च आणि जेवण उरकून, वीस-बावीस माणसं आपापल्या तळघरांतून आणि गॅरेजांतून एकाच ट्रॅकवर उतरत, कानावरच्या हेडफोनमधून एकमेकांना शिव्या देत, आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रॉइस सगळ्यांच्या फेऱ्यांचं रेकॉर्डिंग बघून कोणी कोणाला ठोकलं याचा निकाल देई. सलग सात हंगाम चषक त्यानेच जिंकला होता. चषक म्हणजे लाकडी ठोकळ्यावर बसवलेला जुना पिस्टन. ठोकळा जड होता, म्हणून त्याची बायको कॉरिन तो कपडे धुवायच्या खोलीचं दार उघडं ठेवायला वापरायची.

आठवा हंगाम सुरू झाला आणि लीगमध्ये वेल्डन ब्रॅचर आला.

ब्रॅचर सहासष्ट वर्षांचा, शाळेच्या बसवरून निवृत्त झालेला ड्रायव्हर. खेळाचं स्टिअरिंग त्याला मुलीने भेट दिलं होतं आणि ते त्याने जेवणाच्या जुन्या टेबलाला सुतारी शिकंज्याने आवळलं होतं. बसायला स्वयंपाकघरातली खुर्ची. पहिल्याच रविवारी रॉइसने मोठ्या मनाने त्याला क्लिपबद्दल सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, या विषयावर स्वतः लिहिलेली अकरा पानी पुस्तिका पाठवली आणि फोनवर दीड तास बसून त्याच्याकडून सगळं जुळवून घेतलं. पुस्तिका पूर्ण वाचणारा लीगमधला तो पहिलाच माणूस. रॉइसला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला.

मे महिन्यात ब्रॅचर जिंकायला लागला. जिव्हाळा ओसरला.

"म्हातारा काय सरळ चालवतो राव!" लोमॅक्स म्हणाला. टेट लोमॅक्स अडतीस वर्षांचा, नळकाम करणारा, लीगमधला सगळ्यात धसमुसळा गडी. "बघ रॉइस, याला म्हणतात खरं ड्रायव्हिंग."

"तू त्याला ओव्हरटेक का करत नाहीस?" रॉइसने विचारलं. "तिसऱ्या वळणावर पूर्ण आत शिरला होतास. मध्येच सोडून दिलंस."

"मी पहिलीपासून आठवीपर्यंत त्यांच्या बसमध्ये होतो रे," लोमॅक्स म्हणाला. "मिस्टर ब्रॅचरच्या आरशात आपण दिसलो ना, की अजून आपोआप खाली बसावंसं वाटतं."

चौकशी केली तेव्हा कळलं, अर्धी लीग त्या बसमधून शाळेत गेली होती. रॉइस मूळचा ओहायोचा. त्याला लहानपणी कोणीही दरारा बसेल असं शाळेत पोचवलं नव्हतं, आणि आता बाकीच्यांच्या भीतीपायी नुकसान मात्र त्याचंच होत होतं.

तरी, नुसत्या भीतीने कोणी एवढ्या वेगाने जात नाही. रॉइसने जेवणाच्या सुट्टीत ब्रॅचरचं रेकॉर्डिंग लावलं. चालकाची नजर कुठे गेली, तेही या खेळात नोंदलं जातं. सँडविच हातात धरून रॉइस ब्रॅचरच्या नजरेने ट्रॅक बघू लागला, आणि चौथ्या फेरीला त्याचा घास थांबला.

मागच्या लांब सरळ रस्त्यावर ब्रॅचरने वर बघितलं.

समोर नाही, आरशात नाही, वर. गाडीच्या छताकडे. अर्धा सेकंद. मग नजर खाली, रस्त्यावर. पुढच्या फेरीला पुन्हा तिथेच, तेवढाच वेळ. चाळीस फेऱ्यांत चाळीस वेळा.

रेसिंगच्या गाडीच्या छतावर बघण्यासारखं काही नसतं. रॉइसने त्या आठवड्यात दोन अपघातांचे निकाल चुकवले आणि डोक्यात तीन तर्क तयार केले. एक, वर बघितल्याने मानेचे स्नायू सैल होतात. दोन, डोळ्यांना विश्रांती मिळून पुढचं वळण ताजं दिसतं. तीन, आणि हाच त्याला सगळ्यात आवडला, की ब्रॅचरने भिंतीवर वर दुसरा पडदा लावलाय, त्यावर कोण किती मागे आहे ते दिसतं, आणि लीगच्या नियमात ते बसत नाही.

तिसरा तर्क सिद्ध होईपर्यंत पहिले दोन वापरायला हरकत नव्हती. पुढच्या रविवारी रॉइसने प्रत्येक सरळ रस्त्यावर छताकडे बघितलं. अकराव्या फेरीला तो भिंतीत गेला. पट्टे इतके आवळले होते की सुटून बाहेर यायला त्याला चार मिनिटं लागली.

ऑगस्टअखेर हंगामाची एकच शर्यत उरली होती आणि ब्रॅचर चार गुणांनी पुढे होता. रॉइसने त्याला फोन केला.

"पंच म्हणून एकदा तुझी जागा बघावी म्हणतो. नियमच आहे तसा." नियम त्याने सकाळीच लिहिला होता.

"ये की! शनिवारी ये. नेडीन बिस्किटं करेल."

शनिवारी नेडीन ब्रॅचर दिवाणखान्याच्या कोचावर होती, मांडीवर विणकाम, बाजूला चालायची काठी. टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग बसणाऱ्याची पाठ कोचाकडे येईल असं होतं. रॉइस आत आला आणि त्याने थेट वर बघितलं.

पडद्याच्या वर भिंतीला एक लांबलचक आरसा टांगला होता. हातभर लांब, कडा गोल, एका कोपऱ्यात तडा.

"हे काय आहे?" रॉइसने पंचाच्या आवाजात विचारलं.

"चौदा नंबरचा आरसा," ब्रॅचर आपल्या खुर्चीत बसत म्हणाला. "माझ्या बसचा. बस भंगारात निघाली तेव्हा एवढा मागून घेतला. मागे पोरं काय करतात ते यात दिसायचं."

"आणि आता काय दिसतं?"

"मी दिसते," कोचावरून नेडीन म्हणाली. "फेब्रुवारीत पडले ना मी, कंबरेचं हाड मोडलं. तेव्हापासून हा मला बसायला लावतो."

"डॉक्टरांनी सांगितलंय, एकटीने उठायचं नाही," ब्रॅचर म्हणाला. "एकतीस वर्षं साठ-साठ पोरं खाली बसवली मी. ही एकटी ऐकत नाही."

"अरे, ओव्हनमध्ये काही जळायला लागलं तर काय हात वर करून परवानगी मागू?"

"हो. माग."

"बघितलंस ना रॉइस? चार आण्याचा विश्वास नाही माझ्यावर."

असं म्हणताना ती हसत होती, आणि तोही हसत होता. मुख्य म्हणजे तो तिच्याकडे वळला नव्हता. दोघं आरशातून बोलत होते. रॉइस मध्ये उभा राहिला होता. तो जरा बाजूला सरकला.

बिस्किटं दालचिनीची होती. अहवाल लिहायला त्याला तीन दिवस लागले. 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही' एवढंच लिहायचं होतं, पण ते खरं आहे असं त्याला वाटेना.

शेवटच्या रविवारी चाळीस फेऱ्या. रॉइसने नवे हातमोजे घातले. जो पुढे येईल त्याचा चषक, इतका साधा हिशेब होता. सदतिसाव्या फेरीपर्यंत ब्रॅचर पुढे, रॉइस दीड सेकंद मागे. लोमॅक्स तिसरा होता आणि तिसऱ्याच जागेवर राहणार होता, कारण पुढे ब्रॅचर दिसत होता. रॉइसने मान किंचित झुकवली, वळणाच्या आत डोकावून बघितलं, ब्रेक उशिरा लावले, तरी अंतर तुटेना. टेबलाला चिकटून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसलेल्या त्या म्हाताऱ्याच्या गाडीचा मागचा भाग त्याला आता पाठ झाला होता. सोळा वर्षांचा असताना एका मुलाकडे त्याच्यापेक्षा चांगली सायकल होती; त्यानंतर इतकं नकोसं त्याला काहीच झालं नव्हतं.

अडतिसाव्या फेरीला, लांब सरळ रस्त्यावर, ब्रॅचरची गाडी हळू झाली. मग उजव्या कडेला गेली, गवतावर उतरली आणि रस्त्याला समांतर, अगदी नीट, थांबली.

रॉइस पुढे गेला. उरलेल्या दोन फेऱ्या संपवून तो जिंकला. हेडफोनमध्ये कोणीही अभिनंदन केलं नाही.

"मिस्टर ब्रॅचर?" लोमॅक्स हाका मारत होता. "अहो मिस्टर ब्रॅचर! ठीक आहात ना? बोला की!"

दहा मिनिटांनी खरखर झाली. "आहे, आहे," ब्रॅचरचा आवाज आला. "नेडीन उठली होती. ओव्हनकडे निघाली."

"पडल्या का?"

"छे. पोचली पण होती. मलाच म्हणाली, तू इथे काय करतोस."

"म्हणजे बिस्किटांपायी चषक घालवलात?"

"बिस्किटांपायी नाही रे टेट. ती उभी राहिली म्हणून." मग तो म्हणाला, "रॉइस, अभिनंदन हं. तू ती क्लिप लावून दिलीस म्हणून इथवर तरी आलो."

रॉइसने आभार मानले. ते कसे मानले हे त्याला नंतर आठवलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने ती फेरी लावली. नजर वर जाते, छतावर टेकते. नेहमीसारखी अर्ध्या सेकंदात खाली येत नाही. मग येते, पण घाईने नाही. मागचा आरसा बघून घेते, म्हणजे मागून येणारा रॉइस बघून घेते, आणि त्याला वाट देऊन गाडी कडेला घेते. गाडी पूर्ण थांबते. तेव्हा कुठे नजर भेलकांडते, जमीन दाखवते, मागच्या काचेकडे वळते आणि तिथेच थिजते. कॅमेऱ्याला ठिपके दिसेनासे झाले होते. माणूस उठून गेला होता.

रॉइसने ते सहा वेळा बघितलं. बावीस वर्षांत हजारो माणसांनी त्याला लिहून दिलं होतं की नजर क्षणभरच हटली आणि गाडी ठोकली. नजर हटल्यावर इतकं नीट थांबलेलं कोणी नव्हतं. आणि त्या बाईला कळलंही नसेल की तिच्यासाठी काय थांबलं. रॉइसच्या घरात त्याच्यासाठी मायक्रोवेव्हसुद्धा मध्येच कोणी थांबवला नव्हता. मग त्याला प्रामाणिकपणे आठवलं, की त्यानेही कोणासाठी थांबवला नव्हता. पण हा मुद्दा दाव्यात येत नव्हता, म्हणून त्याने तो सोडून दिला.

बुधवारी भंगारवाल्याकडून त्याने बसचा आरसा आणला. ब्रॅचरच्या आरशापेक्षा चार बोटं लांब, तडा नसलेला. पडद्याच्या वर टांगला, मागे एक घडीची खुर्ची ठेवली आणि वर जाऊन कॉरिनला गाठलं.

"रविवारी खाली येऊन बसशील का?"

"का? काय बिघडलंय?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

"आणि करायचं काय?"

रॉइसने विचार केला. "वाटलं तर मध्येच उठायचं."

कॉरिनने हातातला टॉवेल खाली ठेवला. "रॉइस, डॉक्टरांकडे शेवटचा कधी गेला होतास?"

"मला काही झालेलं नाही. मैत्रीची शर्यत आहे. पंखे नको असतील तर बंद ठेवतो."

"पंखे बंद?" आता मात्र ती खरोखर घाबरली. "बरं, बघते," ती म्हणाली. दातांच्या डॉक्टरकडे जायलाही ती अशाच आवाजात हो म्हणायची.

रविवारी दोनला त्याने पंखे बंद ठेवले. तेरा वर्षांत पहिल्यांदाच तळघरात वारा नव्हता आणि टाकीत पाणी उकळल्याचा आवाज येत होता. पहिल्या सरळ रस्त्यावर त्याने वर बघितलं: रिकामी खुर्ची. दुसऱ्या फेरीला: खुर्ची. ब्रॅचर पुढे होता, लोमॅक्स त्याच्या मागे खाली बसल्यासारखा चालला होता. पाचव्या, नवव्या, चौदाव्या फेरीला खुर्ची. रॉइस सातवा झाला, मग नववा.

"अरे रॉइस, झोपलास का?" लोमॅक्स ओरडला.

एकोणिसाव्या फेरीला त्याने वर बघितलं आणि खुर्चीवर काहीतरी होतं. तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त बघत राहिला. गाडी भिंतीला घासली, फिरली, गवतात उलट्या तोंडाने उभी राहिली.

खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांची टोपली होती. वर त्याचेच मोजे, जोड्या लावून गुंडाळलेले. म्हणजे कॉरिन आली होती. त्याच्या पाठीमागे तीन हातांवर उभी राहिली असेल, कदाचित बसलीही असेल, आणि गेली. टोपली अठराव्या फेरीला नव्हती, एकोणिसाव्याला होती. मधल्या वेळात तो रस्त्याकडे बघत होता.