नळकांड्याची दोरी

पहिल्या दिवशी मी मुलांच्या हातात बंदूक देत नाही. त्यांना कुरणाच्या कडेनं शंभर पावलं चालायला लावतो. राग आला असेल, हात थरथरत असेल, तर ठासणीच्या बंदुकीत बार भरायचा नाही. बंदूक खाली ठेवायची, शंभर पावलं जायचं, शंभर पावलं यायचं, आणि मगच दारूच्या शिंगाला हात लावायचा. लॉरेल फोर्कच्या नेमबाजी मंडळात एकतीस वर्षं दर शनिवारी मी हे शिकवत आलो. या ऑक्टोबरात मी स्वतः तीनदा शंभर पावलं चाललो आणि राग काही गेला नाही.

मी आणखीही एक गोष्ट शिकवली होती. ती शिकवायला नको होती.

टेनेसीच्या आमच्या डोंगरात ठासणीची बंदूक दोन तऱ्हेची माणसं बाळगतात. एक आमच्यासारखी हौशी. लांब नळी, मेपलचा दस्ता, बाजूला चकमकीचा चाप, म्हणजे ठिणगी पाडणारी कळ. ठिणगी रंजकात, म्हणजे कानातल्या बारीक दारूत पडते, रंजक पेटतं, मग आतला बार. दुसऱ्या तऱ्हेच्या माणसांना हौसेला वेळ नसतो. सरकार हरणाच्या शिकारीच्या हंगामात ठासणीवाल्यांसाठी जास्तीचे दिवस राखून ठेवतं, ते त्यांना हवे असतात, कारण हिवाळाभर तेच मांस खायचं असतं. ते मोठ्या दुकानातून नवी ठासणी आणतात. आखूड, दस्ता प्लॅस्टिकचा, चाप नळीच्या मागे सरळ रेषेत, वर दुर्बीण. बारा वर्षांपूर्वी एक मुलगा तसली बंदूक घेऊन वर्गात आला तेव्हा मी म्हणालो, "हे काय, मोरीतलं नळकांडं उपटून आणलंस?" सगळे हसले. मीही हसलो. तो मुलगा पुढच्या शनिवारी आला नाही, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

शब्द मात्र मंडळात राहिला.

डेल्फी रेन्स माझ्याकडे दोन वर्षं येते. वय बारा. तिची आई गार्नेट कोंबड्यांच्या कारखान्यात कापणीच्या पट्ट्यावर उभी असते. या ऑक्टोबरात गोऱ्ह्याचा सामना झाला, त्यात गोऱ्ह्याचं मांस बक्षीस असतं; त्याला डेल्फी आईची बंदूक खांद्यावर टाकून आली. नवी ठासणी, काळा प्लॅस्टिकचा दस्ता.

"डेल्फी, माझी घे," मी म्हणालो.

"तुमची माझ्यापेक्षा उंच आहे, मास्तर."

"मग मंडळातली लहान घे."

"तिचा दस्ता तडकलाय. आणि मला हिची सवय आहे."

आमच्या मंडळाच्या दारावर एक फळी आहे. तिच्यावरची अक्षरं मीच कोरलेली आहेत: बार तोंडाकडून. नेम नुसत्या डोळ्यानं. गोळी गोल, चिंधीत. डेल्फीनं दुर्बीण काढून टाकली होती. खिशात शिशाच्या गोल गोळ्या होत्या, आणि चिंध्या आईच्या जुन्या चादरीच्या, हरणाच्या चरबीत बुडवलेल्या.

"दारू किती?" मी विचारलं.

"चाळीस ग्रेन."

"या बंदुकीत लोक नव्वद घालतात."

"नव्वदला गोळी कुठंही जाते. सत्तरलाही. मी पाच-पाचनं उतरवत आणली. दीड महिना लागला." तिनं शाळेची वही दाखवली. प्रत्येक आकड्यापुढे भोकांचं चित्र होतं.

हे जरा सांगायला हवं. त्या नव्या नळीच्या आतले, गोळीला फिरकी देणारे पेच फार घट्ट असतात, लांबोळक्या गोळीसाठी कापलेले. गोल गोळी त्यांच्यात धरत नाही, घसरते. म्हणजे आमच्या सामन्यात तिची बंदूक आमच्यापेक्षा चांगली नव्हती, वाईट होती. तिनं दारू कमी करत करत तिला ताळ्यावर आणलं होतं. एवढा धीर माझ्या एकाही मोठ्या विद्यार्थ्यानं कधी दाखवलेला नाही.

"नळकांडं ओंडक्यावर ठेवणार की काय, मास्तर?" व्हर्लिन मागून म्हणाला.

व्हर्लिन टॅकेट आमचा कप्तान. नऊ वर्षांचा असताना तो माझ्या पहिल्या वर्गात होता. त्याचं शिंग मीच घासून दिलं होतं. आता नॉक्सव्हिलला घरं बांधतो आणि शनिवारी हरणाच्या कातड्याचा झालरीचा अंगरखा घालून येतो.

"फळी वाच," मी म्हणालो.

त्यानं वाचली, खांदे उडवले. "ठेवू दे. दोन गोळ्यांत रडेल आणि बिस्किटं खायला जाईल."

सामना जुन्या रीतीचा असतो. आडव्या ओंडक्यावर नळी टेकवून पालथं पडायचं. साठ यार्डांवर प्रत्येकाची स्वतःची फळी, जाळून काळी केलेली, मधोमध सुरीनं कापलेली फुली. गोळ्या पाच. मग प्रत्येक भोकात लाकडी खुंटी बसवायची आणि फुलीपासून प्रत्येक खुंटीपर्यंतचं अंतर एकाच दोरीवर ओळीनं मोजत जायचं. ज्याची दोरी सगळ्यांत आखूड, तो पहिला. तो गोऱ्ह्याचा वाटा आधी निवडतो, आणि त्याची दोरी तुळईच्या खिळ्याला कायमची बांधली जाते. दोरी राखायचं आणि गाठ मारायचं काम माझं.

डेल्फी घाई न करता पाच वेळा पडली, पाच वेळा उठली. प्रत्येक बार उडाल्यावर तिनं नळी पुसली. मी सांगितलेलं एकही पाऊल तिनं गाळलं नाही.

व्हर्लिनची दोरी एक वीत आणि दोन बोटं भरली. डेल्फीची एक वीत. मी दोनदा मोजली, तिसऱ्यांदा हॉबर्ट लोहाराला मोजायला दिली.

"वीतच आहे," हॉबर्ट म्हणाला. "माझ्या बायकोची वीत धरलीत तर थोडी जास्त."

व्हर्लिन हसला नाही. "नळकांड्याची दोरी धरायची नाही."

"दारावरच्या फळीत बसते ती."

"फळी लिहिली तेव्हा असल्या वस्तू इथं येत नव्हत्या. चाप आत, खटका दाबला की बार. आमच्या रंजकाला अर्धा क्षण जातो. पावसात आमचं विझतं, हिचं नाही."

"आज पाऊस आहे?"

"प्रश्न पावसाचा नाही, मास्तर. वाडवडलांच्या रीतीचा आहे."

मी त्याची बंदूक ओंडक्यावरून उचलली. "ही नळी कुणी केली, व्हर्लिन? संगणकावर चालणाऱ्या यंत्रानं. रंजकाच्या भोकात काय बसवलंयस? न गंजणाऱ्या पोलादाची बुची. चिंध्या कुठल्या? पाकिटातल्या, कापून, तेल लावून आलेल्या. त्या पोरीनं चादर फाडलीय, चरबी वितळवलीय. तुझ्या वाडवडलांना आज इथं उभं केलं तर ते कुणाला ओळखतील?"

त्यानं बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. मग व्हर्लिन हळूच म्हणाला, आणि ते हळू बोलणंच मला जास्त झोंबलं, "चिडता कशाला, मास्तर? नळकांडं हा शब्द आम्ही काढला का? शब्द तुमचा आहे. तुमच्याच वर्गातून आला."

आता मात्र सगळे हसले.

डेल्फीनं माझ्याकडे पाहिलं. "तुमचा?"

"माझा," मी म्हणालो.

ती खाली वाकली. नळी पुसत राहिली. ती आधीच स्वच्छ होती.

व्हर्लिननं हात वर करायला सांगितले. दोरी धरू नये म्हणणारे एकोणीस. धरावी म्हणणारे चार, त्यात एक मी. त्या एकोणिसांपैकी अकरा जण लहानपणी माझ्यासमोर शंभर पावलं चालले होते. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. एकालाही डेल्फीकडे बघवेना.

मी चालायला निघालो. शंभर जाऊन, शंभर परत. येईपर्यंत व्हर्लिननं मागची मांडी निवडली होती आणि आपली दोरी हातात धरून खिळ्याखाली उभा होता.

"गाठ मारा, मास्तर."

"आधी ऐका," मी सगळ्यांना म्हणालो. "तो शब्द मी बोललो तेव्हाही चुकीचाच होता. माझ्यामुळे एक मुलगा इथून गेला आणि मला त्याचं नावही आठवत नाही. आज दुसरं मूल तुम्ही घालवताय, माझाच शब्द वापरून. पाच गोळ्यांत सगळ्यांत आखूड दोरी या मुलीची आहे. मी मोजली आहे. दुसरी कुठलीही दोरी मी बांधणार नाही."

"मत झालंय," हॉबर्ट पुटपुटला. त्यानंही हात वर केला होता.

"मग गाठही तूच मार." दोरीचं रीळ मी ओंडक्यावर ठेवलं. डेल्फीची वीतभर दोरी माझ्या मुठीत होती. मी तिला म्हणालो, "ही तुळईवर लावतो. बघू कोण काढतं."

"नको," ती म्हणाली. "मला द्या. मला ती इथं नकोय."

तिनं दोरी बोटाला गुंडाळली आणि खिशात टाकली.

फाटकाशी गार्नेटची गाडी उभी होती. ती थेट कामावरून आली होती, रबरी बूट पायांतच होते.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"जिंकले," डेल्फी म्हणाली. "पण धरलं नाही. नळकांडं म्हणून."

गार्नेटनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमच्या मंडळात माझ्या बंदुकीला काय म्हणतात ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते कुणी सुरू केलं तेही. हिला एवढंच सांगितलं की कान बंद ठेव आणि हात शिक. गेल्या हिवाळ्यात त्या नळकांड्यानं आम्हाला तीन हरणं दिली. तुमच्या सगळ्यांच्या अंगरख्यांनी मिळून किती दिली?"

"गार्नेट, मी..."

"तुम्ही चांगलं शिकवता. म्हणूनच जास्त राग येतो." तिनं गाडी सुरू केली. डेल्फी खिडकीबाहेर वाकली.

"शनिवारी वर्ग आहे ना?"

"आहे. पण इथं नाही."

"मग आमच्या कुरणात या. आईला चालेल. चालेल ना गं?"

गार्नेटनं नुसती मान उडवली आणि गाडी हलवली, पण नाही म्हणाली नाही.

शनिवारी रेन्सच्या कुरणात सहा मुलं आली. दोघांकडे वडिलांची नवी ठासणी होती. त्यांनी ती पोत्यात गुंडाळून आणली होती आणि दोघंही माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हणालो, "काढा बाहेर. तिला बंदूक म्हणतात. चाप कसा चालतो ते मलाही नीट माहीत नाही, तुम्ही दाखवा." डेल्फीनं चाप उघडून दाखवला. मी गुडघ्यावर बसून पाहिलं. सत्तर वर्षांचा होईपर्यंत मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मग बार भरून दाखवायला मी माझी बंदूक उचलली. त्याच सकाळी मंडळाचं पत्र आलं होतं. या वर्गाला लॉरेल फोर्कचं नाव वापरू नये, खाली कप्तानाची सही. व्हर्लिनचं ते वळणदार व्ही मी ओळखलं. शिंगावर नाव कोरायला मीच शिकवलं होतं त्याला.

"मास्तर," डेल्फी म्हणाली, "शिंग खाली ठेवा."

"मी ठीक आहे."

"तुमचा हात बघा."

मी पाहिला. शिंग खाली ठेवलं आणि कुंपणाच्या कडेनं निघालो. शंभराव्या पावलावर एक खांब होता. त्याला डेल्फीची वीतभर दोरी बांधलेली होती, पक्की, दुहेरी गाठीची. ती गाठ मीच शिकवलेली. मी तिथून वळलो, परत आलो. हात अजून थरथरत होता.

"पुन्हा," डेल्फी म्हणाली.

मी पुन्हा निघालो. मुलं गवतात बसून माझी पावलं मोजत होती.